पाठवणाऱ्याचा पत्ता

१२ जून १९९९

आई,

हे पत्र स्मिता शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. ती ते पर्समध्ये घालून तिच्या घरी नेईल, आणि तुम्ही शेजारी म्हणून भाजी निवडायला तिच्याकडे जाल तेव्हा हातात देईल. वाचून झालं की तिच्याकडेच ठेवा. घरी नेऊ नका. ब्लाउजमध्ये नाही, पोथीतही नाही. तुमच्या लेकाला, रत्नाकरांना, त्या दोन्ही जागा माहीत आहेत.

पाकिटावरचा शिक्का बघून गाव कळेलच, म्हणून ते लपवत नाही. आम्ही बंगलोरला आहोत. घराचा पत्ता मात्र लिहीत नाही. तुमच्यावर विश्वास नाही असं मनात आणू नका. पण तुम्हाला विचारलं गेलं तर तुम्हाला खरोखरच माहीत नसावं. जे माहीतच नाही ते कुणी किती दम दिला तरी तोंडून निघत नाही.

शाल्मली तिसरीत गेली. उंच झाली आहे, तुम्ही ओळखणार नाही. कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलते. शेंगदाण्याची चटणी केली की म्हणते, "आजीची तिखट असते." दोन वर्षं झाली तरी चव विसरली नाही.

त्या सकाळी तुम्ही मागचं दार उघडं ठेवलंत, आणि देवघरात मोठ्यानं आरती म्हणत बसलात, म्हणून आमच्या चपलांचा आवाज पुढच्या खोलीत गेला नाही. दार तुम्ही उघडलंत हे त्यांना कधी कळलं का? ह्या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षं नकोच होतं. पण मागच्या आठवड्यात एसटीडी बूथवरून स्मिताला फोन केला, तेव्हा ती म्हणाली की तुमचा हात प्लास्टरमध्ये आहे. कसा मोडला ते विचारलं तर म्हणाली, "त्यांनाच विचार."

म्हणून विचारते आहे. उत्तर स्मिताकडे द्या. कुठे पाठवायचं ते तिला ठाऊक आहे.

कल्पना


११ जुलै १९९९

आई,

तुमचं पत्र मिळालं. डाव्या हातानं लिहिलंत हे अक्षरावरून कळलं. चार ओळींत तीन ओळी शाल्मलीच्या सर्दीवर आणि चौथीत, "न्हाणीत पाय घसरला."

आई, ते वाक्य माझं आहे. डॉक्टरांना मी तेच सांगत असे आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून मान हलवत असा. आपल्या न्हाणीत शेवाळ धरत नाही. दर रविवारी मी ती विटकरीनं घासत होते, आता तुम्ही घासत असाल. तिथे आजवर कुणाचाही पाय घसरलेला नाही.

मी होते तोवर रत्नाकर तुमच्या अंगावर कधी आले नव्हते. एवढ्या आधारावर मी तुम्हाला तिथे ठेवून निघाले. आता रात्रंदिवस एकच भीती वाटते, की मी गेल्यावर ती रिकामी जागा कुणीतरी भरायलाच हवी होती.

तुम्ही विचारलंत, पोट कसं भरतेस. सांगते. हसू नका.

मी लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू विकते, आणि त्या विकायला घराबाहेर पडत नाही. घरमालक मालोजीराव आणि त्यांची बायको, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, हे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठे. बोलतात मराठीच, पण निम्मं कन्नडच असतं त्यात. त्यांच्या मुलानं अमेरिकेहून कॉम्प्युटर पाठवला होता. मालोजीरावांनी त्यावर रुमाल घालून ठेवला होता. मी पूर्वी टायपिंग शिकले होते एवढ्यावर त्यांनी तो माझ्या स्वाधीन केला. टीव्हीसारखा पडदा, पुढे टाइपरायटरची बटणं. फोनची वायर त्याला जोडली की किरकिर आवाज करत तो जगाला जाऊन मिळतो. तिकडे एक लिलावाची जागा आहे. तिथे वस्तूचा फोटो आणि चार ओळी माहिती टाकली की कुठल्या कुठल्या देशांतले लोक बोली लावतात.

इथे आमच्या भागात जुने बंगले पाडून फ्लॅट उठताहेत. घर रिकामं करताना माणसं काय काय काढून टाकतात ते बघवत नाही. पितळेचे डबे, लोणच्याच्या बरण्या, चौरंग, काठापदराच्या साड्या. अक्का मला सोबत घेऊन जातात आणि त्यांच्याशी कन्नडमधून घासाघीस करतात. मी घरी आणून घासते, दुरुस्त करते, मागच्या अंगणात फोटो काढते. विकलं गेलं की वर्तमानपत्रात गुंडाळून, मांजरपाटात शिवून, लाखेचं सील मारून पोस्टात देते. आधी शिकवणी घेत होते. ती सोडून आता दिवसभर हेच करते, आणि ह्यात आमचं दोघींचं भागतं.

सगळ्यात छान काय, तर मला कुणी बघत नाही. तिकडे माझं नाव नाही, चेहरा नाही. विकत घेणारा कोण ते मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही. फक्त एकच गोष्ट टोचते. परदेशी पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो, आणि तो खरा लागतो. मी अक्कांचं नाव घालते, खाली ह्या घराचा पत्ता. प्रत्येक पार्सल काउंटरवरून आत सरकवताना वाटतं, आपण आपल्या दाराचा नंबर एका अनोळखी माणसाच्या हातात ठेवला.

इथे हल्ली पुण्या-मुंबईची मुलं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांवर येतात. बसमध्ये मराठी ऐकू आलं की मी पुढच्या थांब्याला उतरते. ह्या वेड्यासारखं वागण्याला मी सावधपणा म्हणते.

हाताचं खरं सांगा. नाही सांगितलंत तरी मला कळलं आहे. प्लास्टर निघालं की स्मिताबरोबर इकडे या.

कल्पना


२९ ऑगस्ट १९९९

आई,

तुमचं "ह्या वयात घर सोडून कुठे जाऊ" वाचलं. त्यावर भांडायचं ठरवलं होतं, पण आता दुसरंच झालं आहे.

जूनमध्ये एका घरातून लहान मुलीचं परकर-पोलकं मिळालं होतं. जुनं, जरीकाठाचं, कुणीतरी एकदाच घातलेलं. नुसतं पसरून फोटो काढला तर कळेना. म्हणून शाल्मलीला घातलं आणि गळ्यापासून खालचा फोटो काढला. चेहरा नाही. मी नीट बघितलं होतं. न्यू जर्सीच्या एका बाईनं ते घेतलं, पार्सल गेलं, मी विसरूनही गेले.

मागच्या आठवड्यात एक ईमेल आली. म्हणजे ह्या कॉम्प्युटरवर येणारं पत्र. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. "कल्पनावहिनी, तुम्हीच ना? ही आपली शाल्मली ना?" खाली नाव, सिद्धी.

तुमच्या बहिणीच्या राजसची बायको. परकर-पोलकं घेणारी तिची मैत्रीण निघाली. सिद्धी तिच्याकडे हळदीकुंकवाला गेली, तिथे फोटो बघितला. शाल्मलीच्या गळ्यात चांदीच्या मोराचं पदक होतं. तुम्ही सोनाराकडून एकसारखी दोन करून घेतली होती, एक हिला आणि एक राजसच्या मुलीला. चेहरा कापताना मला पदक दिसलं नाही. रोज बघते, म्हणून दिसलं नसावं.

मी लगेच कॉम्प्युटर बंद केला. जणू तो बंद केल्यानं ती मला बघायची थांबणार होती. मग अंगणात जाऊन तांब्या घासत बसले. अक्का म्हणाल्या, "आगं, किती घासतीस? भोक पडंल त्याला." मी म्हटलं डाग जात नाही.

दोन दिवसांनी धीर करून सिद्धीला लिहिलं. हात जोडून लिहिलं, की हे कुणाला सांगू नका, राजसभाऊंनाही नाही, कारण भेटल्यावर सांगेन. अजून उत्तर नाही. ती वाईट नाही, मला माहीत आहे. लग्नात तिनंच माझ्या केसांत गजरा माळला होता. चांगल्या माणसांचीच भीती जास्त वाटते. मोडलेला संसार जोडून दिला की पुण्य लागतं असं त्यांना वाटत असतं.

सगळ्या वस्तू मी लिलावातून काढून घेतल्या आहेत. खोलीत फळ्यांवर त्या नुसत्या बसून आहेत. गल्लीत रिक्षा थांबली की मी आधी शाल्मली कुठे आहे ते बघते आणि मग श्वास घेते.

घरात फोन वाजला आणि तो अमेरिकेचा असला, तर स्मिताला कळवा. एवढंच करा.

कल्पना


१५ सप्टेंबर १९९९

आई,

स्मिताशी बोलणं झालं. सिद्धीनं माझं पत्र वाचण्याआधीच फोन केला होता म्हणे. आनंदानं केला. "सापडल्या, सुखरूप आहेत, हा घ्या पत्ता." मैत्रिणीकडच्या पार्सलचं कापड तिनं जपून ठेवलं होतं.

आणि रत्नाकर चिडले नाहीत, हे स्मितानं सांगितलं तेव्हा मला घाम फुटला. नवा शर्ट शिवायला टाकला. आळीत सांगितलं की गौरी-गणपती झाले की बायको-मुलीला आणायला जातोय. चिडलेल्या रत्नाकरांपेक्षा हसरे रत्नाकर काय असतात ते तुम्हाला आणि मला, दोघींनाच ठाऊक आहे.

मी पळायचं ठरवलं होतं. खोटं कशाला बोलू. बॅग भरली होती. तिकडे मारतहळ्ळीच्या बाजूला, गावाबाहेर, एक खोली बघून ठेवली होती. शाल्मलीला सांगितलं, आपण फिरायला जाणार. ती म्हणाली, "मागच्या वेळी पण तू हेच म्हणाली होतीस." आणि स्वतःची वह्या-पुस्तकं मुकाट्यानं बॅगेत भरायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं.

अक्कांनी बॅग बघितली. मी त्यांना दोन वर्षं सांगत आले होते की नवरा दुबईला आहे. त्या दिवशी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मधे एकदा उठून गॅस बंद केला, परत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "दुबईला गेलेला माणूस कधी एक पत्र लिहीत नाही, हे आम्हाला कळत नव्हतं काय? तू सांगायची वाट बघत होतो." मालोजीराव दारात उभे होते. ते म्हणाले, "स्वल्प थांब. आज इथनं पळालीस तर पुढच्या पार्सलावर कुठला पत्ता घालणार? तिथनं परत पळणार?"

रात्री मला झोप आली नाही आणि मग एक गोष्ट लक्षात आली. रत्नाकर इकडे येणार म्हणजे तिकडे नसणार. जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि मी त्यांना इथे जेवढा वेळ बसवून ठेवीन तेवढा. तुमच्या घराला इतका वेळ पहारा नसलेलं दार ह्या दोन वर्षांत मिळालेलं नाही.

आई, ते निघाले की तुम्ही निघा. स्मिता रजा टाकेल. तिची बहीण पुण्याला आहे, तिनं खोली तयार ठेवली आहे. औषधं, चष्मा, पासबुक, दोन लुगडी, बाकी काही नको. देव न्यायचे असतील तर न्या. मी मात्र इथून हलणार नाही. मी पळाले आणि त्यांना दाराला कुलूप दिसलं, तर ते पहिल्या गाडीनं परत फिरतील आणि तुम्ही अजून पिशवी भरत असाल.

मला भीती वाटत नाही असं समजू नका. हे लिहिताना अक्षर बघा कसं येतं आहे. पण मी घरी असणार. तुम्ही नसा.

कल्पना


१ ऑक्टोबर १९९९

आई,

हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर लिहिताना किती बरं वाटतं आहे. स्मिताच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. तुम्ही विचारलंत, तो दिवस कसा गेला. सांगते, म्हणजे माझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

रत्नाकर सकाळी आला. रिक्षा थांबल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. शाल्मलीला अक्का आधीच पलीकडच्या गल्लीत त्यांच्या भाचीकडे ठेवून आल्या होत्या, शाळेतही पाठवलं नव्हतं. नवा शर्ट, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मालोजीरावांना वाकून नमस्कार केला. "तुम्ही माझ्या माणसांना सांभाळलंत, हे उपकार मी फेडू शकणार नाही," असं म्हणाला. दुसरं कुणी असतं तर त्याच क्षणी विरघळलं असतं.

मी चहा नेला. माझ्याकडे बघून म्हणाला, "वाळलीस." मी कप पुढे सरकवला. "आईनं पाठवलेत पेढे. तुझ्या नावानं डोळ्यांतून पाणी काढते. हात मोडलाय तिचा. ह्या वयात तिनं एकटीनं सगळं करायचं का?"

आई, त्यानं इतकं खरं वाटेल असं सांगितलं, की तुमचा हात कुणी मोडला ते माहीत असूनही मला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली.

मी ठरवल्याप्रमाणे नाही म्हटलं नाही. म्हटलं, विचार करते. म्हटलं, मुलगी सहलीला गेली आहे, दुपारी येईल. म्हटलं, सामान खूप आहे, आवरायला वेळ लागेल. प्रत्येक वाक्यानं तो थोडा सैलावत होता. मालोजीराव त्याला बँकेतलं विचारत होते, सातारचं पाऊसपाणी विचारत होते. एवढं सावकाश बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. अक्कांनी जेवायला वाढलं. तो चवीनं जेवला. मी समोर बसून पोळी कुस्करत राहिले आणि माझे कान फोनकडे. कॉम्प्युटरची वायर सकाळीच काढून ठेवली होती, नाहीतर स्मिताचा फोन लागलाच नसता. दोघींचं ठरलं होतं की तुम्ही पुण्याच्या गाडीत बसलात की ती फोन करून एवढंच म्हणेल, पार्सल निघालं.

फोन वाजत नव्हता. मला वाटलं तुम्ही नाही म्हणालात. उंबऱ्यातच बसून राहिलात. मनात तुम्हाला इतकी बोलले, की आता माफी मागते.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "बघू तरी, काय विकतेस ते." मागच्या खोलीत आला. फळ्यांवरच्या वस्तू बघत फिरला. एक बरणी उचलली, उलटी करून बघितली, परत ठेवली. "लोकांनी टाकलेली भांडी," तो हसत म्हणाला. "बँकेतल्या साहेबाची बायको भंगार विकते. हे सातारला कळू द्यायचं नाही, काय?" आणि दार ढकलून घेतलं. आवाज न करता. तुम्हाला तो दार लावायचा प्रकार माहीत आहे.

मी फळीला धरून उभी राहिले. तो काही बोलण्याआधी बाहेर फोन वाजला.

मालोजीरावांनी घेतला. "हां. हां. सरी, सरी." मग त्यांच्या काठीचा आवाज जवळ आला, आणि त्यांनी दार ठोठावलं नाही, सरळ उघडलं. म्हणाले, "कल्पना, स्मिता म्हणून कोणी बाई होती. तुझं पार्सल निघालं म्हणं."

मी त्यांच्या बाजूनं बाहेर आले आणि पडवीत जाऊन उभी राहिले, जिथे गल्लीतून दिसतं. म्हटलं, "मी येणार नाही. शाल्मलीही येणार नाही."

तो मागोमाग आला. अजून हसत होता. "आत चल. बोलू." आणि मनगट धरलं. बांगड्या असतात तिथेच, दाब वाढवत वाढवत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवरा बायकोचा हात धरून उभा आहे.

"हात सोडा," मालोजीराव म्हणाले.

"आमच्या घरातला प्रश्न आहे हा, काका."

"घर माझं आहे की," मालोजीराव म्हणाले. "हात सोडा."

समोरच्या घरातल्या दोघी-तिघी गेटाशी आल्या होत्या. अक्कांनी सांगून ठेवलं असणार. त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि हात सोडला. लोकांसमोर तो कधीच काही करत नाही, हे आपल्याला किती वर्षं माहीत होतं. पण आपण दोघींनी कधी लोकांना बोलावलंच नाही.

चप्पल घालताना तो माझ्याजवळ वाकला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "आई तिथं एकटी आहे, लक्षात ठेव."

आई, ह्या वाक्यावर मी कुठेही गेले असते. सकाळी म्हणाला असता तर त्याच पावली शाल्मलीला घेऊन त्याच्या मागे चालत गेले असते. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून शेवटी राखून ठेवलं होतं. पण तुम्ही तेव्हा गाडीत होता. मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. त्याला वाटलं असेल हिला ऐकू आलं नाही.

तो गेला. मग शाल्मलीला आणलं. पेढ्यांचा पुडा अक्कांनी कुणाला न विचारता कचऱ्यात टाकला.

कल्पना


२२ ऑक्टोबर १९९९

आई,

तुमचं पत्र वाचून दसऱ्याच्या दिवशी मी जेवले नाही.

तो स्मिताच्या दारात येऊन रडला. जेवत नाही. बँकेत जात नाही. आळीत सांगतो की आई काशीला गेली. तुम्हाला वाटतं, दिवाळीपुरतं जाऊन यावं, अभ्यंगस्नान घालावं आणि परत यावं.

तो खोटं रडत नाही, आई. मी दहा वर्षं बघितलं आहे. सकाळी माझ्या पायांशी बसून रडायचा ते खरंच असायचं. मी माहेरून परत गेले ती त्याच रडण्यापायी, आणि एकदाच नाही गेले. रडणं संपलं की काय उरतं ते तुम्ही माझ्या अंगावर बघितलं आहे आणि आता तुमच्या हातावर. तुम्ही त्याची आई आहात, तुमचा जीव तुटणारच. तो तुटू दे. पण इथे माझ्याजवळ बसून तुटू दे.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, सांगू? तो पुन्हा येईल ह्याची वाटतेच. गेटाला आता कडी आहे, इथल्या एका वकीलबाईंनी अर्ज केला आहे, पोलीस ठाण्यात नाव दिलं आहे, तरी वाटते. शाल्मलीला शाळेतून यायला थोडा उशीर झाला की मी रस्त्यावर पळत जाते. पण त्याहून जास्त भीती ही, की एखाद्या दिवशी स्मिताचा फोन येईल आणि ती म्हणेल, आजी परत गेल्या. मग मी काय करायचं? मी इथे सुटून बसायचं आणि तुम्ही तिथे माझी जागा भरायची?

तुम्हाला कुणाच्या घरी आयतं बसून खायचं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून म्हणते, माझ्याकडे काम आहे. वस्तू पुन्हा लिलावात लावल्या आहेत, आणि दिवाळीआधी तिकडच्या लोकांना सगळं हवं असतं. साड्या धुऊन घड्या घालायला, पार्सलं शिवायला मला माणूस लागतं. डाव्या हातानंही टाके घालता येतात. तुमचे मी बघितले आहेत.

आता पार्सलावर मी माझंच नाव घालते. ज्याला पत्ता मिळायला नको होता त्याला तो मिळून गेला आहे. मग बाकीच्या जगापासून का लपवू? पहिल्यांदा लिहिलं तेव्हा स्पेलिंग चुकलं आणि पोस्टातल्या माणसानं दुसरा फॉर्म दिला.

घर मालोजीरावांचं आहे, पण खोली माझी आहे. त्यात तुमची खाट बसते. मी मापून बघितलं.

दिवाळी कुठे करायची ते तुम्ही ठरवा. मी वाट बघते आहे आणि घाबरले आहे.

कल्पना


२ नोव्हेंबर १९९९

आई,

तुमचं एका ओळीचं कार्ड मिळालं. शाल्मलीनं ते वाचून दाखवलं, मग अक्कांनी शाल्मलीकडून पुन्हा वाचून घेतलं.

स्मिताची बहीण पुण्याला गाडीत बसवून देईल. सामान खाली ठेवू नका, पायांशी ठेवा. पाणी घरून भरून घ्या. शेजारचं माणूस विचारील, कुठे निघालात, एकट्याच का. मुलीकडे निघाले म्हणा. त्यात काही खोटं नाही.

सिद्धीचं पत्र आलं आहे. माफी मागते. मी अजून उत्तर दिलेलं नाही, देईन केव्हातरी. वकीलबाई म्हणतात की कोर्टात तुमचं म्हणणं लागेल, हाताचं. ते तुम्ही इथे आल्यावर, तुम्हाला जमेल तेव्हा. जमलं नाही तरी इथून कुणी जा म्हणणार नाही.

रत्नाकरच्या बाबतीत काय होईल, मला माहीत नाही. तो येऊन उभा राहिला तर तुमचं मन काय करील हेही माहीत नाही. भीती गेलेली नाही. परवा पोस्टमन जरा जोरात हाक मारून गेला आणि माझ्या हातातून दिवाळीचा अख्खा रवा सांडला. शाल्मलीनं भरला आणि म्हणाली, "पोस्टमन होता, आई."

बंगलोर शेवटचं स्टेशन आहे. त्याआधी एक-दोन ठिकाणी गाडी थांबते आणि पुष्कळ लोक उतरतात. त्यांचं बघून तुम्ही उठू नका. शेवटच्या स्टेशनात सगळे एकदम दाराशी जातात, धक्के देतात, तुमचा हात अजून कच्चा आहे. सगळ्यांना जाऊ द्या. डबा रिकामा होईल, दिवे जातील, तरी घाबरू नका. पदर सावरून जागेवर बसून राहा. मी आत चढून येते.

कल्पना